ऑक्युपेशनल थेरपीच्या विद्यार्थ्याला चांगलं लिहिता का आलं पाहिजे?

प्रश्न असा आहे: बीओटीएचच्या (ऑक्युपेशनल थेरपीच्या पदवीच्या) दुसऱ्या वर्षाला आहे, क्लिनिकल पोस्टिंग नुकतंच सुरू झालंय. पेशंटबरोबर काम करायला आवडतं, पण निम्मा वेळ केस लिहिण्यात जातो आणि तीच केस तीन-तीनदा परत लिहायला लावतात. काम तर हातांनी करायचं आहे, मग लिहिण्याला एवढं महत्त्व का? आणि सुधारायचं तर नेमकं काय करायचं?

आजार किंवा इजेनंतर माणसाला रोजची कामं पुन्हा करता यावीत, हे पाहणाऱ्या आपल्या क्षेत्रात नोंद हा उपचाराचाच भाग असतो, म्हणून. फिजिशियनच्या हातात रक्ताचा रिपोर्ट असतो, ऑर्थोपेडिक सर्जनकडे एक्स-रे असतो. माणूस शर्ट कसा घालतो, घास तोंडापर्यंत कसा नेतो, अंघोळीला बसताना कुठे अडखळतो, हे कुठल्याही यंत्रातून छापून येत नाही. समोर बसून पाहणाऱ्याने जे लिहिलं तेवढंच मागे उरतं. पोस्टिंग बदलतं, इंटर्न बदलतात, पेशंट तोच राहतो. उद्या त्याच्यासमोर जो बसेल त्याला तुमच्या नोंदीवरूनच सुरुवात करायची असते.

पक्षाघाताच्या पेशंटच्या केसपेपरवर सर्रास दिसणारी नोंद घ्या: ‘ड्रेसिंग ॲक्टिव्हिटी दिली. पेशंट को-ऑपरेटिव्ह. वेल टॉलरेटेड. कंटिन्यू सेम.’ यात चूक एकही नाही आणि उपयोगाचंही काही नाही. हेच सेशन असं लिहिता येतं (केसपेपरवर इंग्रजीत लिहाल, इथे मराठीत देते):

‘पाठीला टेकू नसलेल्या स्टुलावर बसून समोरून उघडणारा, पाच बटणांचा शर्ट घातला. कमजोर असलेल्या उजव्या हाताची बाही आधी घालायची, हे दोनदा तोंडी सांगावं लागलं. सांगितल्यावर लगेच केलं. उजवी बाही कोपरापर्यंत स्वतः ओढली, खांद्यावर चढवायला मदत लागली. शर्ट पाठीमागून डावीकडे आणताना तोल उजवीकडे गेला, कमरेला धरून सावरलं. पाचपैकी तीन बटणं डाव्या हाताने लावली. वरची दोन नजरेच्या टप्प्यात येत नसल्याने राहिली. एकूण ९ मिनिटं. शेवटी थकवा, वेदना नाही.’

लिहायला चार-पाच मिनिटं जास्त लागली असतील. पण यातून पुढच्याला कळतं की ताकदीइतकाच क्रमाचा आणि बसण्यातल्या तोलाचा प्रश्न आहे, आणि वरच्या बटणांसाठी समोर आरसा ठेवून पाहायला हरकत नाही. पंधरा दिवसांनी वेळ ९ वरून ५ मिनिटांवर आली आणि सूचना लागली नाही, तर सुधारणा झाली हे दाखवता येतं. ‘वेल टॉलरेटेड’ शेजारी ‘वेल टॉलरेटेड’ ठेवून काहीच दाखवता येत नाही.

केस परत लिहायला लावतात त्यामागचं कारण बहुतेक वेळा इथेच असतं. अक्षर किंवा व्याकरण ही दुय्यम बाब. ज्याने नीट पाहिलं नाही त्याला लिहिता येत नाही, आणि लिहायचं आहे हे डोक्यात असलं की पाहणंही बदलतं: घड्याळाकडे लक्ष जातं, कुठे हात लावावा लागला ते लक्षात राहतं.

आता मदतीची पातळी. ‘विथ हेल्प’ हा शब्दप्रयोग वहीतून काढून टाका. रोजच्या कामात किती मदत लागते ते मोजणाऱ्या एफआयएम मोजपट्टीत पातळ्या ठरलेल्या आहेत. ७ म्हणजे पूर्ण स्वावलंबी. ६ म्हणजे स्वावलंबी, पण साधन वापरून किंवा जास्त वेळ घेऊन. ५ म्हणजे देखरेख, सूचना किंवा सामान मांडून देणं. अंगाला हात लागत नाही. ४ म्हणजे किमान ७५ टक्के काम पेशंट करतो, ३ म्हणजे ५० ते ७४ टक्के, २ म्हणजे २५ ते ४९ टक्के, आणि त्याहून कमी असेल तर १. विद्यार्थ्यांचा गोंधळ ४ आणि ५ मध्ये होतो. नुसते पेशंटच्या पाठीमागे हात तयार ठेवून उभे असाल, स्पर्श केला नसेल, तर ते ५. तोल जाऊ नये म्हणून कमरेला हात लावला की ४.

आकड्यावरही थांबू नका. या विषयाचं शिक्षण भारतात १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमला निंबकर यांच्या पुढाकाराने सुरू झालं, पण आपल्या मोजपट्ट्या मुख्यतः परदेशात, तिथल्या न्हाणीघरांसाठी तयार झाल्या. एफआयएममधली अंघोळ टब, शॉवर किंवा पलंगावरची. आपला पेशंट प्लास्टिकच्या स्टुलावर किंवा पाटावर बसून बादलीतलं पाणी अंगावर घेतो. म्हणून आकडा लिहा आणि त्याखाली एक ओळ जोडा: ‘प्लास्टिकच्या स्टुलावर बसून, बादली डाव्या बाजूला, लहान मग, नळ उघडायला आणि बादली सरकवायला पत्नीची मदत, बाकी स्वतः.’ दोन पेशंटना अंघोळीत ४ मिळतात. एकाला फक्त पावलं धुऊन द्यावी लागतात, दुसऱ्याला तोल जाऊ नये म्हणून पाठीमागून धरून बसावं लागतं. घरी दिवसभर एकटा कोण राहू शकतो, हे आकड्यावरून कळणार नाही, त्या ओळीवरून कळेल. भारतीय पद्धतीच्या संडासावर उकिडवं बसणं, परकराची नाडी एका हाताने बांधणं, साडी नेसणं, मांडी घालून बसणं, यांतल्या बहुतेक गोष्टींना छापील फॉर्मवर रकानाच नसतो. रकाना नसला तरी त्या नोंदवायच्या.

‘सोप’ (SOAP) पद्धतीची चार भागांची नोंद तुम्हाला शिकवली असेलच: पेशंट काय म्हणाला, तुम्ही काय पाहिलं-मोजलं, त्याचा अर्थ काय, पुढे काय करणार. पहिला आणि दुसरा भाग थोड्या सरावाने जमतो. घसरगुंडी होते ती तिसऱ्यात. तिथे दुसऱ्या भागातलीच वाक्यं फिरवून लिहिलेली असतात: ‘पेशंटला ड्रेसिंगमध्ये अडचण आहे.’ ते तर वर आलंच. तिसऱ्या भागात ‘कारण’ आणि ‘म्हणून’ हवं. वरच्या शर्टाच्या उदाहरणात असं लिहिता येईल: ‘कोणती बाही आधी, हे सांगितल्यावर लगेच जमतं, म्हणजे ती चूक हालचालीच्या कमतरतेपेक्षा क्रम लक्षात न राहण्याची असावी. टेकू नसताना धड वळवलं की तोल जातो, हा सध्याचा मोठा अडथळा. घरचे लोक मदतीला आहेत आणि सूचना लगेच पाळतो, या जमेच्या बाजू.’ मग योजना आपोआप ठोस होते: उद्या पाठ टेकवलेली खुर्ची, समोर आरसा, उजव्या बाहीला रंगीत खूण, आधी सैल टी-शर्ट. ‘असावी’ हा शब्द मुद्दाम आहे. खात्री नसताना ठामपणे लिहिणं घातक, कारण वाचणारा ते निदान समजून पुढे जातो.

उद्दिष्टांच्या बाबतीत तर लेखन म्हणजेच उपचाराची दिशा. ‘इम्प्रूव्ह हँड फंक्शन’ हे उद्दिष्ट कधी पूर्ण झालं हे कुणालाच सांगता येणार नाही. पाच गोष्टी त्यात आल्या पाहिजेत: कोण, कोणती कृती, किती मदतीने, कोणत्या परिस्थितीत, किती दिवसांत. ‘३ आठवड्यांत पेशंट खुर्चीत बसून, टेबलावरच्या ताटातल्या पोळीचा एका घासाचा तुकडा उजव्या हाताने मोडेल, पोळी डाव्या हाताने धरून, एका तोंडी सूचनेवर, पाचपैकी चार वेळा.’ पुस्तकात काटा-चमचा असतो म्हणून उद्दिष्टातही चमचा लिहिणारे बरेच दिसतात. हाताने जेवणाऱ्या माणसाला चमच्याचं उद्दिष्ट देणं म्हणजे त्याच्या ताटाकडे न पाहणं. आणि कृती त्याने निवडलेली असावी. कुणाला विळीवर भाजी चिरायची असते, कुणाला सुईत दोरा ओवायचा असतो. सीओपीएम या मुलाखतीच्या मोजपट्टीत पेशंट स्वतः कृतीला आणि समाधानाला १ ते १० गुण देतो, आणि दोन गुणांचा फरक सहसा अर्थपूर्ण मानतात; तेव्हा त्याचे शब्द जसेच्या तसे, अवतरण चिन्हात लिहा.

हाताच्या केसेसमध्ये चुका वेगळ्या. पकडीची ताकद मोजणाऱ्या जामार डायनॅमोमीटरच्या तबकडीवर किलो आणि पाउंड दोन्ही असतात. नुसतं ‘ग्रिप २२’ लिहिलं आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्याने दुसरी पट्टी वाचली, की ताकद दुपटीने वाढल्याचा किंवा निम्म्यावर आल्याचा भास होतो. एकक लिहा, हँडलची जागा लिहा (नेहमीची दुसरी), कोपर ९० अंशांत होतं का ते लिहा, तीन प्रयत्नांची सरासरी घ्या. सांध्याच्या हालचालीत उणे चिन्हाचा घोळ होतो. कुणी -२० म्हणजे सांधा सरळ व्हायला २० अंश कमी पडतात असं धरतं, कुणी त्याचा अर्थ सांधा उलट बाजूला २० अंश जातो असा घेतं. ‘पीआयपी (बोटाचा मधला सांधा): सरळ होण्यात २० अंश कमी, वाकणं ८५ अंशांपर्यंत, सक्रिय’ एवढं शब्दांत लिहिलं की वाद उरत नाही. सक्रिय (पेशंटने स्वतः केलेली हालचाल) की निष्क्रिय (आपण करून दिलेली) हे न लिहिलेला आकडा फुकट जातो, विशेषतः टेंडन रिपेअरनंतर, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारी तुटलेली दोरी शिवल्यानंतर.

सर्जनला पत्र लिहिताना पहिल्याच ओळीत काय विचारायचं आहे ते लिहा. ‘मधल्या बोटाच्या झोन २ फ्लेक्सर टेंडन रिपेअरनंतर आज २४ वा दिवस, कालपासून टोकाचा सांधा स्वतःहून वाकत नाही, आज तपासावं ही विनंती.’ आकडे त्याखाली. पूर्ण इतिहास आधी आणि विनंती शेवटी असं पत्र ओपीडीच्या गर्दीत शेवटपर्यंत वाचलं जात नाही, आणि तुटलेल्या टेंडनला एकेक दिवस महाग पडतो.

संक्षेपांबद्दल: आपल्या रुग्णालयांत ‘ओटी’ म्हटलं की निम्म्या लोकांना ऑपरेशन थिएटर आठवतं, ‘पीटी’ म्हणजे पेशंट, फिजिओथेरपी की रक्ताची चाचणी हे संदर्भावर ठरतं. विभागाबाहेर जाणाऱ्या कागदावर पूर्ण शब्द लिहा. उजवा-डावा तर नेहमीच पूर्ण. खोडताना एकच रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला सही आणि तारीख; व्हाइटनर नको. विद्यार्थ्याच्या नोंदीवर मार्गदर्शक थेरपिस्टची सही त्याच दिवशी घ्या. अपघाताच्या केसेसमध्ये हे कागद विमा दाव्यात आणि कोर्टातही लागू शकतात.

मनोरुग्णालयाच्या पोस्टिंगला शब्द आणखी जपून वापरावे लागतात. ‘आळशी’, ‘हट्टी’, ‘अनकोऑपरेटिव्ह’ ही आपली मतं झाली. ‘तीनदा बोलावल्यावर उठला, टेबलाशी १० मिनिटं बसला, चार लिफाफे चिकटवले, शेजारी बोलायला लागल्यावर काम सोडून खिडकीपाशी गेला’ हे निरीक्षण. यातून गोंगाटाचा त्रास होतो का, असा प्रश्न तरी निघतो. शिवाय मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २५ नुसार रुग्णाला स्वतःच्या मूलभूत वैद्यकीय नोंदी मिळण्याचा हक्क आहे. त्याच्यासमोर वाचून दाखवता येणार नाही असं वाक्य मुळात लिहूच नये.

आता सर्वांत दुर्लक्षित लेखन: पेशंटला घरी द्यायचा कागद. केसपेपर इंग्रजीत नीटनेटका आणि घरच्या कार्यक्रमाच्या चिठ्ठीवर ‘अफेक्टेड अप्पर लिंबवर वेट बेअरिंग, १० रिपिटेशन, टीडीएस’ (टीडीएस म्हणजे दिवसातून तीनदा) असं असेल, तर घरी काय होणार? काहीच होणार नाही, किंवा हातावर खरोखरच वजन बांधलं जाईल. तोच व्यायाम असा लिहा:

‘पलंगाच्या कडेला बसा. दोन्ही पाय जमिनीला टेकलेले. उजवा तळवा मांडीपासून वीतभर लांब, गादीवर उघडा ठेवा. घरच्या माणसाने कोपर मागून धरावं, म्हणजे ते वाकणार नाही. अंग हळूहळू उजवीकडे झुकवा. मनात पाच आकडे मोजा. सरळ व्हा. असं दहा वेळा, सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी. खांदा दुखला तर थांबा आणि आम्हाला कळवा. उठवताना उजवा हात धरून कधीही ओढू नका.’

एका वाक्यात एकच क्रिया. क्रियापद आज्ञार्थी. किती वेळा, कधी, कुणी मदत करायची, कधी थांबायचं, हे प्रत्येक व्यायामाला. एका कागदावर तीनपेक्षा जास्त व्यायाम नकोत. दहा दिले तर एकही होत नाही. शेवटच्या ओळीसारखी धोक्याची सूचना वेगळी, ठळक अक्षरांत लिहा, कारण पक्षाघातानंतर लुळा हात ओढून उठवल्याने खांद्याला इजा होते आणि पुढे तोच खांदा सगळी थेरपी अडवून धरतो.

स्प्लिंटच्या, म्हणजे हात ठरावीक स्थितीत धरून ठेवणाऱ्या साच्याच्या, चिठ्ठीतही हेच. कधी घालायचा, कधी काढायचा, कसा धुवायचा. काढल्यानंतर २० मिनिटांनीही त्वचेवरची लाली गेली नाही, मुंग्या आल्या, बोटं थंड किंवा निळसर पडली, तर घालणं थांबवून दाखवायला या. स्प्लिंट ज्याचा बनवतात ते लो-टेम्परेचर थर्मोप्लास्टिक साधारण ६० ते ७० अंश सेल्सिअसच्या पाण्यात मऊ होतं, म्हणून गरम पाण्याने धुऊ नका आणि उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. विदर्भातल्या मे महिन्यात ही ओळ लिहिली नाही, तर आकार बिघडलेला स्प्लिंट घेऊन पेशंट परत येतो, किंवा तसाच घालत राहतो, आणि ते जास्त वाईट.

लिहून झालं की कागद नातेवाईकाच्या हातात द्या आणि म्हणा, ‘वाचून करून दाखवा.’ ते जिथे अडतील तिथे तुमचं वाक्य चुकलं. मुंबईत हिंदीतही लिहावं लागतं; ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी रेषांची साधी चित्रं काढा. चित्रात बाण आणि उजवा-डावा दाखवायला विसरू नका.

शाळेला जाणारं पत्र वेगळ्या वाचकासाठी असतं. वर्गात चाळीस-पन्नास मुलं सांभाळणाऱ्या बाईंना ‘प्रोप्रिओसेप्टिव्ह’ आणि ‘सेन्सरी मॉड्युलेशन’ देऊन त्या काय करतील? त्यांना हे हवं: ‘दुसऱ्या बाकावर, फळ्याच्या सरळ समोर बसवावं. पाय जमिनीला टेकत नाहीत, पायाखाली लाकडी पाट ठेवावा. फळ्यावरून उतरवताना ओळी सुटतात. छापील मजकूर शेजारी ठेवू द्यावा. लिहायला लागल्यापासून १० मिनिटांनी हात दुखतो, तेव्हा दोन मिनिटं थांबू द्यावं.’ परीक्षेतल्या सवलतीसाठी अहवाल लागत असेल, तर लेखनाचा वेग (मिनिटाला किती अक्षरं, पाहून लिहिताना आणि ऐकून लिहिताना वेगवेगळा), पकड, वाचनीयता, थकवा कधी येतो, हे आकड्यांत द्या. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत दिव्यांग परीक्षार्थ्यांसाठी तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ आहे. पण प्रमाणपत्र अधिकृत वैद्यकीय यंत्रणाच देते. तुमचा अहवाल त्याला आधार पुरवतो, म्हणून ‘सवलत मिळावीच’ असं न लिहिता काय आढळलं ते लिहा.

संशोधनाचं लेखन शेवटच्या वर्षाला आणि एमओटीएचला (पदव्युत्तर पदवीला) येतं, त्यावर इथे एकच सांगते. संमतीपत्राचा मराठी तर्जुमा शेवटच्या रात्री उरकू नका. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सहभागी माणसाला समजेल अशा भाषेत माहिती देणं बंधनकारक आहे, आणि घरचा कागद लिहायची सवय असलेल्याला ते सहज जमतं.

मराठी माध्यमातून आलेल्यांना इंग्रजीची धास्ती असते. त्यांनी आधी मराठीत टिपून घ्यावं, मग इंग्रजी करावं. क्लिनिकल इंग्रजी मर्यादित असतं: भूतकाळातली छोटी वाक्यं आणि पंधरा-वीस क्रियापदं, जसं रीच, ग्रास्प, लिफ्ट, स्टॅबिलाइझ, इनिशिएट, रिलीज. ती पाठ झाली की काम भागतं. अलंकारिक इंग्रजी कुणी मागत नाही.

केसचा मसुदा चॅटबॉटकडून लिहून घेण्याची सवय मात्र लावू नका. तुम्ही जे पाहिलं ते त्याने पाहिलेलं नसतं, आणि तो रिकाम्या जागा गुळगुळीत वाक्यांनी भरतो. पेशंटचं नाव, नोंदणी क्रमांक, फोटो तर कुठल्याही ॲपमध्ये किंवा बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचे नाहीत.

सरावासाठी रोज पंधरा मिनिटं पुरतात. कॅन्टीनमध्ये किंवा घरी कुणी चहा करताना, शर्टाची घडी घालताना पाहा आणि बारा ओळींत लिहा. विशेषणं वापरायची नाहीत, ‘नीट’, ‘व्यवस्थित’, ‘छान’ वर्ज्य. मग तो कागद वर्गमित्राला द्या आणि त्याने फक्त कागदावर आहे तेवढंच करायचं. गॅस पेटवायचा राहून जातो, गाळणी कुठल्या हातात ते कळत नाही, कप भरताना भांडं कशाने धरलं हे लिहिलेलंच नसतं. ॲक्टिव्हिटी ॲनालिसिस, म्हणजे एखादी कृती टप्प्याटप्प्याने सुटी करून पाहणं, पुस्तकातून जेवढं कळत नाही तेवढं यातून कळतं. महिनाभराने या पानांच्या शेजारी तुमच्या चालू केसच्या नोंदी ठेवा, आणि ज्या ओळीवरून पेशंट डोळ्यासमोर उभा राहत नाही ती परत लिहा, मॅडमनी सांगायच्या आधी.